वही बदलायची ती पाडव्याला

(या भागाचं हे शब्दांकन. बोलण्याचा ओघ तसाच ठेवलाय. फक्त माझे ‘म्हणजे’, ‘ॲक्च्युअली’ आणि मध्येच आलेली कुकरची शिट्टी काढून टाकलीय.)

आजचा विषय आहे नोंदी. आपण काय, कुठं आणि कसं लिहून ठेवतो. हा विषय तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी सुचवला होता, आणि बहुतेकांचा प्रश्न एकच होता: ‘‘नोट्ससाठी कुठलं ॲप वापरावं?’’ उत्तर देतो, पण शेवटी. आधी एक प्रसंग ऐका. त्या प्रसंगानंतर मी या प्रश्नाकडं वेगळ्या नजरेनं बघायला लागलो.

आमचं गाव पारनेर तालुक्यात. मी राहतो नगरला. कागदोपत्री आता अहिल्यानगर, पण आमच्या तोंडी अजून नगरच. गावाकडं आई आणि अण्णा असतात, दोन-तीन गाई आहेत, थोडा कांदा असतो.

अण्णांच्या हृदयाची झडप सहा वर्षांपूर्वी बदलली. मेकॅनिकल कृत्रिम झडप बसवली की रक्त पातळ ठेवणारी गोळी कायमची मागे लागते. ही गोळी मोठी नाजूक. कमी पडली तर झडपेवर रक्ताची गुठळी होण्याची भीती, जास्त झाली तर रक्तस्त्रावाची. म्हणून ठरावीक दिवसांनी आयएनआर नावाची तपासणी करायची. रक्त गोठायला नेहमीपेक्षा किती जास्त वेळ लागतोय, ते त्यातून कळतं. तो आकडा बघून डॉक्टर डोस बदलतात. कधी रोज एक गोळी, कधी काही वारी अर्धी. थोडक्यात काय, ही नोंद ठेवायलाच लागते. आणि ती ठेवायची जबाबदारी मी अंगावर घेतली होती. घरातला ‘कंप्युटरवाला’ मीच ना!

गेल्या वर्षी श्रावणात, संध्याकाळी, अण्णा गोठ्यात पाय घसरून पडले. डोकं गव्हाणीच्या कडेवर आपटलं. जखम छोटीच होती, पण रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना डोक्याला मार म्हणजे आतून रक्तस्त्राव होतोय का, हे बघावंच लागतं. चुलतभावानं गाडीत घातलं आणि थेट नगरला आणलं. मी दवाखान्यात पोचलो तेव्हा डॉक्टर विचारत होते: शेवटचा आयएनआर किती होता? सध्या डोस काय? आजची गोळी घेतली का?

मी फोन काढला.

पहिल्या ॲपमध्ये नोंदी होत्या मागच्या दिवाळीपर्यंतच्या. तिथून मी दुसऱ्या ॲपवर गेलो होतो. (ॲपची नावं घेत नाही. दोष त्यांचा नव्हताच.) दुसऱ्यात एक देखणा तक्ता होता. तारीख, आयएनआर, डोस, लॅब, खर्च, रिपोर्टची लिंक, असे अकरा रकाने, त्यात एक चक्क ‘मूड’ म्हणून! तो तक्ता जूनपर्यंत भरलेला. जूनमध्ये मला वाटलं की हे सगळं तिसऱ्या ठिकाणी जास्त नीट बसेल. ‘आधी रचना पक्की करू, मग नोंदी भरू,’ असं मी ठरवलं होतं. रचना पक्की होत आली होती. नोंदी मात्र नव्हत्याच.

लॅबचे मेसेज शोधले, फोटोंची गॅलरी वरखाली केली. वीस मिनिटं गेली. शेवटी आईला फोन लावला.

‘‘थांब, चष्मा घेते,’’ ती म्हणाली. मग कालनिर्णयची पानं उलटल्याचा आवाज. ‘‘हं. दोन तारखेच्या चौकटीत आहे बघ. रक्त तीन पॉइंट चार. खाली लिहिलंय, सोम-गुरू अर्धी, बाकी दिवस एक. आजची दिली नाही अजून, जेवण झाल्यावर देते मी.’’

तिला एक मिनिटसुद्धा लागलं नाही.

पुढचं सांगून टाकतो, म्हणजे तुमचा जीव टांगणीला राहायला नको. डॉक्टरांनी रक्ताची तपासणी पुन्हा केलीच, सीटी स्कॅन केला, आत काही नव्हतं. दोन दिवस देखरेखीखाली ठेवून घरी सोडलं. अण्णा आज ठणठणीत आहेत. माझ्या वीस मिनिटांनी काही बिघडलं नाही. पण बिघडू शकलं असतं, आणि तेव्हा माझ्या हातात अकरा रकान्यांचा रिकामा तक्ता असता. हे डोक्यातून जात नव्हतं.

अजून एक गोष्ट टोचत होती. दोन वर्षांपूर्वी मीच आईला सांगितलं होतं, ‘‘तू आता लिहीत बसू नकोस, माझ्याकडं सगळं असतं.’’ ती ‘बरं’ म्हणाली होती. आणि लिहीत राहिली होती.

हा नाद लागतो कसा?

माझ्यासारखे खूप जण आहेत, हे तुमच्या मेसेजवरून मला माहितीय. पाच वर्षांत मी चार वेळा सगळ्या नोंदी इकडून तिकडं हलवल्या. टॅग होते साठच्या वर. त्यात ‘आरोग्य’, ‘तब्येत’ आणि ‘दवाखाना’ असे तीन वेगळे टॅग. कुठली नोंद कुठल्या टॅगखाली जाईल, हे त्या दिवशीच्या माझ्या मनावर. रविवारची आख्खी दुपार रंग आणि आयकॉन ठरवण्यात जायची. वर दुसरे लोक त्यांच्या नोट्स कशा ठेवतात, याचे व्हिडिओ. त्या व्हिडिओंवरही मी नोट्स काढल्या होत्या, आता बोला!

असं का होतं, याचा मी विचार केला. एक कारण सरळ आहे. नोंद करणं हे कंटाळवाणं काम. आज लिहिलेल्याचा उपयोग कधी होईल, सांगता येत नाही. रचना बदलणं मात्र लगेच दिसतं. दोन तास घालवले की समोर काहीतरी स्वच्छ, नवीन उभं राहतं आणि काम केल्यासारखं वाटतं.

दुसरं कारण मान्य करायला मला वेळ लागला. त्या काळात अण्णांचा आयएनआर सारखा वरखाली होत होता. मला त्याची भीती वाटायची. त्यावर मी काहीच करू शकत नव्हतो. तक्ता बनवू शकत होतो. तक्त्याला अकरावा रकाना जोडताना मला वाटायचं की मी अण्णांसाठी काहीतरी करतोय. तुमच्याकडं अभ्यास असेल, धंदा असेल, अर्धवट राहिलेलं पुस्तक असेल. जिथं भीती किंवा अडचण आहे, तिथंच आपण सिस्टीम सुधारायला बसतो. हे माझं निरीक्षण, तुमचं तुम्ही तपासून बघा.

साधनांचा नाद नवीन नाही, बरं का. समर्थांच्या दासबोधात एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. त्यात बरू, शाई, कागद, बांधणी अशा सगळ्याचा बारकाईनं विचार आहे. पण तिथं लिहिणारा ग्रंथ उतरवून घेतोय. दुसऱ्यानं वाचायचा, वर्षानुवर्षं टिकायचा ग्रंथ. त्याला बरू चांगलाच हवा. माझी नोंद होती, ‘सोम-गुरू अर्धी.’ तिला एवढा सरंजाम कशाला?

कीर्द आणि खतावणी

अण्णा घरी आल्यावर भेटायला मामा आले होते. मामा नगरच्या आडते बाजारात एका पेढीवर दिवाणजी होते, आता निवृत्त. त्यांना मी माझी फजिती सांगितली. ते म्हणाले, ‘‘तू कीर्दच लिहीत नाहीस आणि खतावणीला बसतोस.’’

हे दोन शब्द आपल्यातल्या तरुण मंडळींना कदाचित माहीत नसतील, म्हणून उलगडून सांगतो. जुन्या पद्धतीच्या जमाखर्चात मुख्य वह्या दोन. पहिली कीर्द. दिवसभरात जे जे घडलं ते त्याच दिवशी, ज्या क्रमानं घडलं त्याच क्रमानं, तारखेखाली लिहायचं. डाव्या हाताला जमा, उजव्या हाताला नावे. कोणाचा व्यवहार, कशाचा, किती. इथं वर्गवारी करत बसायचं नाही. हमाली आणि लाखाचा सौदा एकाखाली एक येतात. संध्याकाळी शिल्लक जुळली की दिवस संपला.

दुसरी खतावणी. हिच्यात माणसामाणसाचं, मालामालाचं वेगळं पान. कीर्दीतली नोंद सवडीनं इथं त्या त्या खात्यावर आणायची आणि शेजारी कीर्दीचा पान नंबर टाकायचा. एखाद्या शेतकऱ्यानं येऊन विचारलं, ‘‘माझे किती निघतात?’’ तर खतावणीतलं एकच पान उघडायचं. त्याला आकड्याबद्दल शंका आली, तर पान नंबरावरून कीर्द काढून तारखेसकट दाखवायचं.

मामांचं म्हणणं असं: कीर्द लिहिताना डोकं चालवायचं नाही, खतावणी करताना घाई करायची नाही. ही दोन कामं वेगळी आहेत आणि वेगळ्या वेळी करायची आहेत. मी काय करत होतो? नोंद करतानाच तिचं खातं, टॅग, रंग, लिंक ठरवायला बसायचो. तेवढा वेळ नसला की ‘नंतर नीट टाकू’ म्हणायचो. म्हणजे खतावणीच्या हट्टापायी कीर्दच राहून जायची. आणि एक लक्षात घ्या, खतावणी उशिरा केली तरी चालते, कीर्दीवरून ती कधीही पुन्हा तयार करता येते. कीर्दच नसेल तर मात्र कुठून आणणार?

ही पद्धत पेढ्यांपुरतीच नव्हती. पेशव्यांच्या दफ्तरात रोजकीर्दी आहेत. पुण्याच्या पुराभिलेखागारात रुमालांमध्ये बांधून ठेवलेली ही कागदपत्रं. गणेश चिमणाजी वाड यांनी त्यातून निवडून काढलेल्या नोंदींचे खंड पुढं छापले गेले, आणि इतिहासाचे अभ्यासक आजही ते वापरतात. लिहिणाऱ्या कारकुनाला हे माहीत असण्याचं कारण नव्हतं. त्यानं फक्त तारीख घातली आणि त्या दिवशीचं लिहिलं.

मी मामांना विचारलं, ‘‘मग पद्धत बदलावीशी वाटली तर?’’

ते म्हणाले, ‘‘वही बदलायची ती पाडव्याला.’’

दिवाळीच्या पाडव्याला व्यापारी नवीन वही घालतात, पूजा करतात, जुन्या वहीतल्या बाक्या नवीन वहीत पुढं ओढतात. तेव्हा खात्यांची नावं बदला, पानं वाढवा, काय हवं ते करा. ‘‘आणि मध्येच बदलली तर?’’ ‘‘मध्येच बदलली,’’ मामा हसून म्हणाले, ‘‘तर मालक विचारणार, काय लपवतोयस?’’

माझ्या बाबतीत या प्रश्नाला उत्तर होतं, हे मघाशी सांगितलंच.

जर्मनीतले नव्वद हजार कागद

आता कोणी म्हणेल, ही दुकानदारी झाली. अभ्यासाच्या, विचारांच्या नोंदींना तरी काहीतरी खास पद्धत हवी की नको? आणि इथं एक नाव हमखास पुढं येतं: निकलास लुमान. जर्मन समाजशास्त्रज्ञ, बीलेफेल्ड विद्यापीठात प्राध्यापक. त्यांच्या ‘त्सेटेलकास्टन’ म्हणजे चिठ्ठ्यांच्या पेट्या. सुमारे ९०,००० चिठ्ठ्या, आणि त्यांच्या जोरावर लिहिलेली पुस्तकं व लेख शेकड्यांनी. एकमेकांना जोडलेल्या नोट्सची जी फॅशन हल्ली आहे, तिचे हे कुलपुरुष. मीही त्यांच्याच नादानं एकदा ॲप बदललं होतं.

लुमान यांच्याबद्दल वाचताना ९०,००० हा आकडा सगळ्यांच्या डोळ्यांत भरतो. मला नंतर दुसराच तपशील महत्त्वाचा वाटला. त्यांनी १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला चिठ्ठ्या करायला घेतल्या. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला दुसरा संग्रह नव्यानं सुरू केला. आणि मग तोच शेवटपर्यंत, १९९०च्या दशकापर्यंत चालवला. म्हणजे पंचेचाळीस-एक वर्षांत पद्धत नव्यानं मांडली ती एकदाच! कागदही काही खास नाही. साधा, पातळ, बऱ्याचदा एका बाजूनं आधीच वापरलेला. प्रत्येक चिठ्ठीला एक नंबर आणि दुसऱ्या चिठ्ठीचा उल्लेख करायचा तर तिचा नंबर. मामांचा कीर्दीचा पान नंबर आणि हा नंबर, काम एकच.

मी लुमान यांच्या पेटीची नक्कल केली. नक्कल करायला हवी होती ती त्यांनी पेटी बदलली नाही, याची.

आपल्या किल्ल्यातलं उदाहरण

जर्मनी लांब राहिली, आपल्या नगरच्या किल्ल्यात येऊ. ऑगस्ट १९४२ मध्ये ‘छोडो भारत’चा ठराव झाला आणि काँग्रेस कार्यकारिणीच्या नेत्यांना मुंबईत अटक करून इथं आणलं. नेहरू, मौलाना आझाद, सरदार पटेल, आचार्य नरेंद्र देव, पट्टाभी सीतारामय्या, शंकरराव देव. जवळजवळ पावणेतीन वर्षं ही मंडळी इथं होती.

नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ याच किल्ल्यात लिहिलं, हे आपण नगरकर पाहुण्यांना अभिमानानं सांगतो. पण तपशील बघा. पुस्तकाच्या सुरुवातीला तारीख आहे १३ एप्रिल १९४४. तोवर त्यांना आत येऊन वीस महिने होऊन गेले होते. त्या काळात त्यांनी वाचलं, किल्ल्यातली दगडगोट्यांची जमीन खणून बाग केली, पण हे लिखाण सुरू झालं नव्हतं. एकदा सुरू झालं आणि पाच महिन्यांत हातानं लिहिलेली सुमारे हजार पानं झाली. संदर्भाला मोठं ग्रंथालय नाही, हवी ती पुस्तकं हाताशी नाहीत. जवळ काय, तर कागद, लेखणी, मिळतील तेवढी पुस्तकं आणि गप्पा मारायला जाणकार सहकारी.

मौलाना आझादांचं ‘गुबार-ए-खातिर’ तर आणखी विलक्षण. ती पत्रं आहेत, आपल्या एका स्नेह्याला लिहिलेली, पण पाठवायची सोय नव्हती. तरी ते लिहीत राहिले. प्रत्येक पत्रावर तारीख. १९४३ मध्ये ते आत असतानाच त्यांच्या पत्नी गेल्या, तेही त्या पत्रांत आलंय. पहाटे उठून स्वतः चहा करायचा आणि लिहायला बसायचं. मौलाना चोखंदळ नव्हते असं नाही. चहाच्या बाबतीत कमालीचे चोखंदळ होते, कुठल्या पानांचा, दूध का नको, यावर त्यात रंगून लिहिलंय. हौस चहावर भागवली आणि लिखाण तारीखवार चालू ठेवलं, असं मी गमतीनं म्हणतो. सीतारामय्यांनीही तिथल्या मुक्कामातल्या टिपणांतून पुस्तक केलं. नरेंद्र देव बौद्ध ग्रंथ ‘अभिधर्मकोश’ फ्रेंचमधून हिंदीत आणत होते.

तुम्ही म्हणाल, तुरुंगात दुसरा पर्याय कुठं होता? बरोबर. तुरुंग चांगला, असं मी म्हणत नाहीये. एवढंच म्हणतोय की आपल्याला पर्याय आहेत, म्हणून थांबायचं कुठं हे आपल्यालाच ठरवावं लागतं.

हिवरे बाजारचा हिशोब

अजून एक उदाहरण, आपल्याच जिल्ह्यातलं. हिवरे बाजार सगळ्यांना माहीत आहे. पोपटराव पवार, आदर्श गाव, पद्मश्री, हे सगळं ऐकलेलं असतं. तिथं दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतात. पाऊस मोजायचा, विहिरींची पातळी बघायची. माणसांना प्यायला आणि जनावरांना लागणारं पाणी आधी बाजूला काढायचं. उरलेल्या पाण्यावर कुठली पिकं घ्यायची ते गावानं ठरवायचं. पाऊस जेमतेम ४०० मिलिमीटरच्या आसपासचा, त्यामुळं उसासारख्या पिकाला आणि शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी.

मला यात आवडतं ते हे की मोजायच्या गोष्टी मोजक्या आहेत, दरवर्षी त्याच आहेत, आणि त्या मोजल्यावर एक निर्णय होतो. यंदा दुसरं पीक घ्यायचं की नाही? त्या निर्णयाला जे लागत नाही, ते लिहायची गरज नाही. त्याच गोष्टी वर्षानुवर्षं मोजल्यामुळंच यंदाची तुलना मागच्या दुष्काळाशी करता येते. दरवर्षी रकाने बदलले असते तर हे जमलं नसतं.

माझ्या तक्त्यातल्या ‘मूड’च्या रकान्यावरून कधीच कुठला निर्णय झाला नाही. आयएनआर आणि डोस, या दोनच रकान्यांवर सगळं चालत होतं, आणि आईच्या चौकटीत तेच दोन होते.

मी आता काय करतो

एक दोनशे पानी वही. ही माझी कीर्द. पानांना नंबर घातलेत. तारीख टाकायची आणि जे येईल ते लिहायचं: भागाच्या कल्पना, फोनवर कळलेलं काही, गाडीचं सर्व्हिसिंग, सगळं एकाखाली एक. टॅग नाही, रंग नाही. बाहेर असलो तर फोनवरून स्वतःलाच व्हॉट्सॲप करतो आणि रात्री वहीत उतरवतो. कंटाळा आला तर दोन शब्द, पण त्याच दिवशी.

फोनमध्ये एक साधी फाइल. ही खतावणी. सात खाती आहेत: अण्णा-आई, शेत, घर, पैसे, पॉडकास्ट, वाचन, आणि ‘किरकोळ’. रविवारी वीस मिनिटं बसून वही चाळतो. पुढं लागेल असं जे असेल तेवढंच त्या त्या खात्यावर घेतो, शेजारी वहीचं पान. आठवड्याच्या नोंदींतल्या चार-पाचच तिकडं जातात. बाकीच्या वहीत पडून राहतात, त्यांचं काही बिघडत नाही.

अण्णांची गोळी मात्र माझ्याकडं नाही. ती कालनिर्णयवर, आईच्या अक्षरात. मी गावी गेलो की त्या पानाचा फोटो काढतो, बस्स. खरी नोंद एकच आणि ती भिंतीवर, जिथं आई, चुलतभाऊ, शेजारच्या काकू, कोणीही बघू शकेल. हा मुद्दा मला पूर्वी सुचलाच नव्हता. घरातल्या नोंदी आपल्याला सापडून भागत नाही. आपण नसताना दुसऱ्याला सापडल्या पाहिजेत.

आणि वहीचं शेवटचं पान ‘सुधारणा’ म्हणून राखलंय. नवीन ॲप दिसलं, काही शक्कल सुचली, की तिथं एक ओळ लिहायची आणि पान मिटायचं. गेल्या पाडव्याला त्या पानावर एकोणीस ओळी होत्या. वाचताना त्यातल्या निम्म्या कशासाठी लिहिल्या होत्या, तेच आठवेना. एक घेतली: अण्णांच्या खिशात ठेवायची लॅमिनेट केलेली चिठ्ठी. कृत्रिम झडप आहे, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे, माझा नंबर, चुलतभावाचा नंबर. डोस बदलतो म्हणून तो लिहिलेला नाही. तुमच्या घरी कोणी अशी गोळी घेत असेल, तर एवढं एक काम आजच करा. याला पाडव्याची वाट बघू नका.

तुमचे दोन प्रश्न

‘‘पण ॲपमध्ये सर्च असतो ना?’’ असतो, आणि उपयोगी असतो. माझी खतावणी फोनमध्ये आहे ती त्यासाठीच. पण सर्चला लिहिलेलंच सापडतं. जे ‘नंतर नीट टाकू’ म्हणून राहिलं, ते कुठल्याच सर्चला सापडत नाही.

‘‘मी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते, माझ्या नोट्स खूप आहेत, मला सात खाती कशी पुरतील?’’ नाही पुरणार. विषयांप्रमाणं तुझी खाती ठरलेलीच आहेत, तेवढी ठेव. फक्त एक बघ. गेल्या महिन्यात नोट्स किती वेळा उजळणीसाठी उघडल्यास आणि किती वेळा नव्यानं, स्वच्छ अक्षरात उतरवण्यासाठी? दुसरा आकडा मोठा असेल तर अभ्यास नाही, माझ्यासारखी तक्तेबाजी चाललीय. ऑफिसात दहा जण एकच नोंद वापरतात, तिथं नियम, रकाने जास्त लागतात, तेही मान्य. पण तिथंही मधल्या महिन्यात रकाने बदलले की गोंधळ होतो, हे नोकरी करणाऱ्यांना मी सांगायला नको.

आता पहिला प्रश्न, ‘कुठलं ॲप वापरावं?’ तुमच्या फोनमध्ये आत्ता जे आहे ते. ते वाईट निघालं तर पाडव्याला बदला. तोवर त्यात लिहा.

परवा डिसेंबरअखेरीला गावी गेलो होतो. आई नवीन कालनिर्णय टांगत होती. जुनं शेजारी ठेवून त्यातल्या चारच गोष्टी तिनं नवीनवर उतरवल्या: अण्णांची गोळी, विम्याचा हप्ता, भिशीची तारीख, आणि गाय कधी भरवली ते, म्हणजे नऊ महिने धरून ती कधी विणार हे मोजता येतं. मग जुनं कॅलेंडर गुंडाळून, रबर लावून माळ्यावर ठेवलं. माळ्यावर अशी बरीच गुंडाळी आहेत.

मी म्हटलं, ‘‘आई, ही तुझी खतावणी झाली बघ.’’

‘‘काय की बाई,’’ ती म्हणाली. ‘‘तो खिळा हलतोय, तेवढा ठोकून दे.’’

ठोकून दिला.

तर मंडळी, आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या घरात अशी कोणाची वही, कॅलेंडर, दाराच्या मागं खडूनं लिहिलेला दुधाचा हिशोब असेल, तर त्याबद्दल जरूर कळवा, पुढच्या एखाद्या भागात वाचून दाखवीन. आणि नोंद करायची राहिली असेल, तर हे ऐकून झाल्यावर लगेच करून टाका, कुठल्याही कागदावर. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.